जुना डीएसएलआर की नवा मिररलेस? आरसा गेल्याने नेमकं काय बदलतं?

कपाटातला डीएसएलआर अजून व्यवस्थित चालतोय, मग तो विकून मिररलेस घ्यावा का? लग्नाचे फोटो काढणाऱ्यांपासून यूट्यूब चॅनल चालवणाऱ्यांपर्यंत अनेकांना सध्या हा प्रश्न पडतो. दुसरीकडे, पहिल्यांदाच कॅमेरा घेणाऱ्यांना एकेकाळचे महागडे डीएसएलआर सेकंडहँड बाजारात बऱ्याच कमी किमतीत दिसतात आणि मोह होतो. निर्णय चुकला तर दोन्हीकडे मोठी रक्कम अडकते.

या तुलनेत एक घोळ नेहमी होतो. ‘जुना की नवा’ हा एक प्रश्न आहे आणि ‘आरसा असलेला की नसलेला’ हा दुसरा. सहा-सात वर्षांनी आलेला कॅमेरा काही बाबतींत सरस असणारच. पण त्यातला कोणता फायदा आरसा काढल्यामुळे मिळाला, हे कळलं तर आपल्याला त्याची गरज आहे का, हे ठरवणं सोपं जातं.

आरसा करतो तरी काय?

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आधी ४५ अंशात बसवलेल्या आरशावर पडतो. तिथून तो वर वळतो आणि पेंटाप्रिझममधून डोळ्यापर्यंत पोहोचतो. या आरशामागे आणखी एक छोटा आरसा असतो. तो थोडा प्रकाश खाली असलेल्या फोकसच्या वेगळ्या सेन्सरकडे पाठवतो. बटण दाबलं की आरसे वर उचलले जातात, शटर उघडतं, फोटो नोंदला जातो आणि आरसा पुन्हा खाली येतो. डीएसएलआरचा ओळखीचा ‘खटॅक’ आवाज यातूनच येतो. तेवढा क्षणभर व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो.

मिररलेसमध्ये ही सगळी यंत्रणा नसते. प्रकाश थेट मुख्य सेन्सरवर पडतो. सेन्सरला दिसणारं चित्र व्ह्यूफाइंडरमधल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक स्क्रीनवर दाखवलं जातं आणि फोकसही त्याच सेन्सरवर ठरतो.

२००८ मध्ये पॅनासॉनिकच्या जी१ या कॅमेऱ्याने या प्रकाराला बाजारात जागा मिळवून दिली. २०१३ मध्ये सोनीने ए७ हा फुल फ्रेम मिररलेस आणला. निकॉन आणि कॅनन या डीएसएलआरमधल्या मोठ्या कंपन्यांचे फुल फ्रेम मिररलेस २०१८ मध्ये आले. २०२० नंतर या दोन्ही कंपन्यांनी एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही.

तुलनेसाठी दोन कॅमेरे

एकाच कंपनीचे आणि साधारण एकाच वर्गातले दोन कॅमेरे घेतले की फरक स्पष्ट होतो. निकॉन डी७५० हा डीएसएलआर सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर झाला, तर निकॉन झेड६-टू हा मिररलेस ऑक्टोबर २०२० मध्ये. दोन्हींचा सेन्सर फुल फ्रेम, म्हणजे साधारण ३६ बाय २४ मिलिमीटरचा आहे.

- मेगापिक्सेल: डी७५० – २४.३, झेड६-टू – २४.५
- बॅटरी आणि कार्डसह वजन: डी७५० – ८४० ग्रॅम, झेड६-टू – ७०५ ग्रॅम
- फोकस बिंदू: डी७५० – ५१, झेड६-टू – २७३
- सेकंदाला जास्तीत जास्त फोटो: डी७५० – ६.५, झेड६-टू – १४
- व्हिडिओ: डी७५० – फुल एचडी, झेड६-टू – फोर के
- बॉडीतलं स्थिरीकरण: डी७५० – नाही, झेड६-टू – आहे
- एका चार्जमध्ये फोटो, प्रमाणित चाचणीनुसार: डी७५० – सुमारे १,२३०, झेड६-टू – व्ह्यूफाइंडर वापरल्यास सुमारे ३४०

फोटोचा दर्जा: अपेक्षेपेक्षा कमी फरक

आरसा फोटोच्या दर्जात काहीच भर घालत नाही आणि काढूनही घेत नाही, कारण फोटो टिपताना तो वर उचललेला असतो. दर्जा ठरतो तो सेन्सर, लेन्स आणि प्रकाशावर. याचा चांगला पुरावा निकॉननेच दिला आहे. जानेवारी २०२० मध्ये आलेला डी७८० हा डीएसएलआरच आहे, पण त्याचा २४.५ मेगापिक्सेलचा सेन्सर झेड६ मालिकेच्या जातकुळीचा आहे.

डी७५० आणि झेड६-टू यांनी दिवसाउजेडी, कमी आयएसओवर, सारख्या लेन्सने काढलेले फोटो शेजारी ठेवले, तर कोणता कुठला हे ओळखणं कठीण जातं. आयएसओ खूप वाढवला की नव्या सेन्सरचा थोडा फायदा दिसतो. सोशल मीडियावर तर तोही विरून जातो. डी७५०चा फोटो ६,०१६ पिक्सेल रुंद असतो आणि इन्स्टाग्रामवर तो साधारण १,०८० पिक्सेल रुंदीत दिसतो. त्यामुळे केवळ ‘फोटो आणखी चांगले येतील’ म्हणून बॉडी बदलणाऱ्यांची निराशा होण्याची शक्यता जास्त असते.

फोकस: खरा फरक इथे आहे

डी७५०चे ५१ फोकस बिंदू चौकटीच्या मधल्या भागात एकवटलेले आहेत. चेहरा कडेला असेल, तर आधी मधल्या बिंदूने फोकस करायचा आणि मग कॅमेरा वळवून चौकट जुळवायची, ही जुनी पद्धत त्यामुळेच रूढ झाली. झेड६-टूचे बिंदू चौकटीचा बहुतेक भाग व्यापतात आणि कॅमेरा माणसाचा किंवा प्राण्याचा डोळा स्वतः शोधून त्यावर फोकस धरतो.

८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर उघडी ठेवून जवळून पोर्ट्रेट काढताना नाकावर फोकस बसला, तर डोळे धूसर होतात. लहान मूल किंवा नाचणारी नवरी यांच्या बाबतीत तर दुरुस्तीला वेळच मिळत नाही. अशा वेळी डोळा ओळखणारा फोकस हातात पडणाऱ्या चांगल्या फोटोंची संख्या वाढवतो.

दुसरा मुद्दा अचूकतेचा. डीएसएलआरमध्ये फोकस एका सेन्सरवर ठरतो आणि फोटो दुसऱ्यावर येतो. या दोन वाटांच्या लांबीत किंचित फरक पडला की फोकस नेमक्या जागेच्या पुढे किंवा मागे बसतो. डी७५०मध्ये प्रत्येक लेन्ससाठी ही चूक भरून काढण्याची सोय आहे. मिररलेसमध्ये फोकस आणि फोटो एकाच सेन्सरवर असल्याने हा प्रश्न जवळपास उरतच नाही.

डोळ्याला काय दिसतं?

डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर खरा प्रकाश दाखवतो. त्यात विलंब नाही आणि त्यासाठी वीज जवळपास लागत नाही. पक्ष्यांचे किंवा खेळांचे फोटो काढणाऱ्या अनेकांना आजही तोच आवडतो.

इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर फोटो कसा येणार हे आधीच दाखवतो. चेहरा काळवंडणार असेल, मागचं आकाश पांढरंफटक पडणार असेल, तर ते बटण दाबण्याआधी कळतं. नवशिक्यांसाठी हा मोठाच फायदा आहे, कारण चूक त्याच क्षणी दुरुस्त करता येते.

हात हलला तर?

झेड६-टूचा सेन्सर हाताच्या हालचालीच्या उलट दिशेला सरकून फोटो स्थिर ठेवतो. डी७५०मध्ये ही सोय नाही. तिथे स्थिरीकरण असलेली लेन्सच घ्यावी लागते. देवळाचा गाभारा किंवा दिव्यांची आरास अशा स्थिर विषयांचे कमी उजेडातले फोटो यामुळे तिवईशिवाय घेता येतात. मात्र विषयच हलत असेल, तर स्थिरीकरण उपयोगी पडत नाही. तिथे शटरचा वेगच वाढवावा लागतो.

हा फायदाही आरशाशी बांधलेला नाही. पेंटॅक्सने सेन्सर हलवणारे डीएसएलआर बरीच वर्षं विकले आहेत.

बॅटरी, आवाज आणि धूळ

बॅटरीत डीएसएलआर आजही पुढे आहे. मिररलेसचा सेन्सर आणि स्क्रीन सतत चालू असतात. साधारण एकाच पिढीचा सेन्सर असलेला डी७८० एका चार्जमध्ये २,२६० फोटो देतो आणि झेड६-टू ३४०. आरशाने वाचवलेली वीज या दोन आकड्यांत दिसते. प्रत्यक्षात भराभर फोटो काढले तर मिररलेसही यापेक्षा बरेच जास्त देतो, पण दिवसभराच्या लग्नाला दोन-तीन जादा बॅटऱ्या लागतातच. डी७५० आणि झेड६-टू एकाच मालिकेच्या बॅटऱ्या वापरतात, त्यामुळे निकॉनवाल्यांच्या जुन्या बॅटऱ्या वाया जात नाहीत.

नाटकाचा प्रयोग, गाण्याची मैफल किंवा लग्नातला शांत क्षण टिपताना मिररलेसचं निःशब्द शटर कामी येतं. त्यात एक अडचण मात्र आहे. या पद्धतीत सेन्सर एकेक ओळ वाचत जातो. त्यामुळे काही एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात आणि ढोलवादकाच्या हातातलं वेगाने फिरणारं टिपरू वाकडं दिसू शकतं. अशा वेळी साधं यांत्रिक शटरच वापरलेलं बरं.

धुळीचाही विचार हवा. डीएसएलआरची लेन्स काढली तरी सेन्सरपुढे आरसा आणि शटर असतं. झेड६-टूमध्ये लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो. गुलाल उधळला जात असताना किंवा धुळीच्या मैदानात लेन्स बदलणं टाळावं.

व्हिडिओ: इथे तुलना एकतर्फी

व्हिडिओ काढताना डीएसएलआरचा आरसा सतत वरच असतो, म्हणजे फोकसची वेगळी यंत्रणा निकामी होते. डी७५० मग मुख्य सेन्सरवर मागेपुढे चाचपडत फोकस शोधतो आणि ते व्हिडिओत दिसतं. झेड६-टू चालत येणाऱ्या माणसाचा चेहरा सलग धरून ठेवतो. रील किंवा मुलाखती हे मुख्य काम असेल, तर मिररलेस घेण्यामागे ठोस कारण आहे.

लेन्स: खर्चाचं खरं गणित

निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा. त्यात लेन्सचा माउंट सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटर लांब असतो, कारण मध्ये आरशाला जागा हवी. मिररलेसच्या झेड माउंटमध्ये हे अंतर १६ मिलिमीटर आहे. म्हणूनच जुन्या लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून नव्या बॉडीवर बसतात, पण नव्या झेड लेन्स डीएसएलआरवर बसत नाहीत.

इथेच अनेकांचा हिशेब चुकतो. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सचा ऑटोफोकस चालतो. पण ‘एएफ’ किंवा ‘एएफ-डी’ लिहिलेल्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. त्यांना बॉडीतली मोटर फिरवते. डी७५०मध्ये ती मोटर आहे, झेड६-टू आणि अ‍ॅडॉप्टरमध्ये नाही. त्यामुळे ५० मिलिमीटर एफ १.८ डीसारख्या लोकप्रिय लेन्सचा फोकस मिररलेसवर हातानेच करावा लागतो. इतर कंपन्यांच्या लेन्स असतील, तर त्या अ‍ॅडॉप्टरवर चालवून पाहिल्याशिवाय बॉडी घेऊ नये.

वजनाचंही तसंच. दोन बॉडींमधला फरक १३५ ग्रॅमचा आणि नवा एफटीझेड अ‍ॅडॉप्टर सुमारे १२५ ग्रॅमचा. जुन्याच लेन्स वापरायच्या असतील, तर ओझं जवळपास तेवढंच राहतं.

सेकंडहँड डीएसएलआर घेताना

- शटर किती वेळा चाललं आहे, ते पाहावं. डी७५०चं शटर दीड लाख वेळा चालवून तपासलेलं आहे. ताजा फोटो शटर काउंट वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की आकडा कळतो.
- डी७५०च्या काही नगांच्या शटरबाबत निकॉनने २०१५ मध्ये सूचना काढली होती आणि नंतर तिची व्याप्ती वाढवली. सिरीयल नंबर त्यात येतो का आणि काम झालं आहे का, हे विचारावं.
- एफ १६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढावा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ किंवा डाग आहेत.
- लेन्समधून टॉर्च मारून पाहावं. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत काचेवर जाळ्यासारखी बुरशी धरते.
- मूळ बिल मागावं.

मग कोणी काय करावं?

आधीच डीएसएलआर असलेल्यांसाठी एक सोपी चाचणी आहे. स्वतःचे अलीकडचे शंभर वाया गेलेले फोटो काढून बसावं आणि प्रत्येक का वाया गेला, ते लिहावं. फोकस चुकला, हात हलला किंवा फोटो जास्त काळा-पांढरा आला, अशी कारणं बहुसंख्य असतील, तर मिररलेस त्यावर थेट उपाय आहे. प्रकाश वाईट होता, चौकट जमली नाही किंवा क्षणच हुकला, अशी कारणं असतील, तर नवी बॉडी ती दूर करणार नाही. ते पैसे चांगल्या लेन्सवर किंवा फ्लॅशवर लावावेत.

पहिलाच कॅमेरा घेणाऱ्याचं बजेट कमी असेल आणि काम मुख्यतः फोटोंचं असेल, तर चांगल्या अवस्थेतला डीएसएलआर आणि एक उजळ लेन्स ही आजही समाधानकारक जोडी आहे. मात्र पुढे लेन्स वाढवत न्यायच्या असतील, तर सुरुवात मिररलेसने करावी, कारण नव्या लेन्स आता तिकडेच येतात. झेड६-टूदेखील आता अगदी नवा राहिलेला नाही. जून २०२४ मध्ये झेड६-थ्री आल्याने सेकंडहँड मिररलेस हा मधला मार्गही खुला झाला आहे.

पुण्या-मुंबईत आणि इतर मोठ्या शहरांत कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. पैसे भरण्याआधी मिररलेस आणि अ‍ॅडॉप्टर एक दिवस भाड्याने घ्यावा, त्यावर स्वतःच्याच लेन्स लावाव्यात आणि नेहमीचंच काम करून पाहावं.