मुळशी : तक्रार करायची कुणाकडे?

पाऊस सुरू झाला की शनिवारी अर्धी आयटी जनता मुळशीच्या वाटेला लागते. ताम्हिणी, भजी, कणीस, फोटो... पण त्या अथांग पाण्याची सुरुवात दुसऱ्याच्या शेतात न विचारता केलेल्या खोदकामाने झाली, हे किती जणांना माहीत असतं?

टाटा कंपनीला मुळा-निळा संगमावर धरण बांधून मुंबईला वीज न्यायची होती. सरकारचा होकार होता, पण जमिनी रीतसर ताब्यात येण्याआधीच शेतात चर खणायला सुरुवात झाली. एका शेतकऱ्याने हरकत घेतली तर गोऱ्या इंजिनिअरने त्याच्यावर पिस्तूल रोखलं! आता बोला.

बरं, कायदा काय म्हणत होता? १८९४चा भूसंपादन कायदा. नुकसानभरपाई कमी वाटली तर कोर्टात जा, एवढीच काय ती सोय. संपादनालाच हरकत घ्यायचा हक्क देणारं कलम ५-अ कायद्यात आलं १९२३ साली. म्हणजे १९२१च्या मावळ्याने तक्रार करायची तरी कुठे? त्याने सरळ कामाच्या जागीच ठाण मांडलं. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. बाराशेच्या आसपास मावळे जमले आणि काम थांबलं. पुढे तीन वर्षं सत्याग्रह, तुरुंगवास. शेवटी १९२४मध्ये सेनापती बापटांनी दगड रचून रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा ओढवून घेतली.

धरण झालंच. यातली मला सर्वात टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या होत्या. त्यांना भरपाई चालणार होती. गाव सुटणार होतं ते कसणाऱ्या कुळांचं. राजेंद्र व्होरांनी मुळशी सत्याग्रहावरच्या पुस्तकात हे छान उलगडलंय, मिळालं तर जरूर वाचा.

मग आलं लवासा. २००८ साली राज्य सरकारने तिथल्या कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरण करून टाकलं. म्हणजे बांधणारी तीच आणि परवानगी देणारीही तीच! आमच्याकडे कुणी स्वतःच्या कोडचा रिव्ह्यू स्वतःच केला तर लीड फाडून खाईल. नोव्हेंबर २०१०मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोटीस देऊन काम थांबवलं, कारण पर्यावरण मंजुरीच घेतलेली नव्हती. वर्षभरात पहिल्या टप्प्याला सशर्त मंजुरी मिळाली. २०१७ला प्राधिकरणाचा दर्जा गेला आणि कारभार पीएमआरडीएकडे आला, आणि २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. असो.

१८९४चा कायदा २०१४च्या १ जानेवारीला संपला. नव्या कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. शिवाय 'बाधित कुटुंब' या व्याख्येत त्या जमिनीवर पोट असलेली कुळं आणि शेतमजूरही येतात, संपादनाआधी तीन वर्षं तिथे राबत असतील तर. मावळातल्या कुळांना हे कलम नव्वद वर्षं उशिरा मिळालं.