शनवार तेल्यांचा घाणा आणि डब्यातले तूप

कोकणपट्टीत आपल्या पूर्वजांना 'शनवार तेली' हे नाव पडले होते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. या नावाचा उच्चार मात्र घरोघरी निरनिराळ्या सुरांत होत असे. काही घरांत तो अभिमानाने होई, कारण शाब्बाथ पाळण्याची साक्ष परक्या शेजाऱ्यांनीच त्या नावात नोंदवून ठेवली होती. इतर काही घरांत, विशेषतः मुंबईस येऊन पलटणीत, रेल्वेत अथवा कचेरीत नोकरी लागल्यावर, 'तेली' हा शब्द नकोसा झाला. गावगाड्यात तेल्याचे स्थान खालचे मानले जाई, हे त्याचे उघड कारण. या संकोचामुळेच आपल्या जुन्या धंद्याविषयी आपण फारच थोडे लिहून ठेवले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वंशाची, विधींची, सिनेगॉगांची चर्चा आपण पुष्कळ केली. घाण्याची केली नाही.

तो घाणा होता तरी कसा? जमिनीत पक्के रोवलेले लाकडाचे मोठे उखळ, त्यात तिरपी उभी असलेली जड लाट आणि त्या लाटेला जोडलेल्या आडव्या लाकडाला जुंपलेला बैल. उखळात तीळ किंवा खोबरे घालावयाचे, बैलाने फेऱ्या मारावयाच्या, लाट फिरता फिरता दाणा चिरडला जावयाचा. काही किलोंचा एक घाणा उतरावयास दीड-दोन तास सहज लागत. तेल काढून घेतल्यावर उरे ती पेंड. तिच्यात दहा टक्क्यांच्या आसपास तेल राहूनच जाई आणि ती गुरांच्या मुखी पडे, म्हणजे ज्याने श्रम केले त्यालाही त्या दाण्यातला काही वाटा परत मिळत असे.

बैलाच्या डोळ्यांवर झापडे असत. एकाच वर्तुळात तो दिवसभर चालत राही. 'घाण्याचा बैल' हा वाक्प्रचार मराठीत उगाच रूढ झालेला नाही. तेव्हा जुने ते सारे सोने होते, असे म्हणण्याचा मोह येथे टाळला पाहिजे. तेलात भेसळ करणारा तेली तेव्हाही होता, थकलेल्या बैलावर चाबूक उगारणाराही होता. परंतु आठवड्यातून एक दिवस त्या बैलाच्या मानेवरचे जू उतरत असे. तोराहने शाब्बाथची विश्रांती केवळ घरधन्याला सांगितलेली नाही. दास, दासी, बैल आणि गाढव यांचीही नावे तेथे घेतली आहेत. कोकणातील आपल्या पूर्वजांजवळ ग्रंथ फारसे उरले नव्हते, तरी हे कलम त्यांनी सोडले नाही. आणि हेही सांगितले पाहिजे की हिंदू तेल्यांपैकी काही 'सोमवार तेली' म्हणून ओळखले जात. नंदी हे शंकराचे वाहन, म्हणून त्यांचा घाणा सोमवारी बंद असे. एकाच प्रदेशात दोन समाज, दोन वार. विश्रांती दोन्हीकडे बैलाला.

हा धंदा गेला तो काही एका फटक्यात गेला नाही. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि हिंदुस्थानातील तीळ व भुईमूग गलबतांऐवजी आगबोटींतून मार्सेयच्या तेलगिरण्यांकडे व साबणाच्या कारखान्यांकडे जाऊ लागला. पुढील दोन दशकांत रॉकेल आले. दिव्यासाठी गोडे तेल किंवा उंडीचे तेल घेणारे गिऱ्हाईक त्याने तोडले. कुलाबा जिल्ह्याचे (१९८१ पासून रायगड) गॅझेटियर १८८३ साली प्रसिद्ध झाले, तोवर आपली कितीतरी कुटुंबे मुंबईस जाऊन स्थिरावली होती.

खरे स्थित्यंतर प्रयोगशाळेत घडले. पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन वायू सोडला असता ते थिजते, ही युक्ती विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने शोधली व १९०२ साली तिचे पेटंट घेतले. स्वस्त तेलाला तुपाचे रूप देता येऊ लागले. अमेरिकेत १९११ साली 'क्रिस्को' बाजारात आले. ते ना मांसाचे ना दुधाचे, त्यामुळे यहुदी स्वयंपाकघर हे त्याचे हक्काचे गिऱ्हाईक ठरले. १९३३ साली कंपनीने यहुदी गृहिणींसाठी यिद्दिश व इंग्रजीत पाककृतींचे पुस्तकच काढले.

हिंदुस्थानात हे काम लीव्हर कंपनीने केले. तिची हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी १९३१ साली स्थापन झाली, शिवडीला कारखाना उभा राहिला आणि १९३७ साली 'डालडा' आला. योगायोग असा की हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेला बेने इस्राएलांचा इतिहास तेल अवीव येथे छापून निघाला तोही १९३७ सालीच. शनवार तेल्यांचा इतिहास ग्रंथबद्ध झाला त्याच वर्षी ताडाच्या झाडाचे चित्र असलेला तो पिवळा डबा मुंबईच्या वाण्याकडे येऊन बसला. आपल्यापैकी किती घरांत तो रिकामा झाल्यावर तांदूळ साठवण्यास किंवा तुळस लावण्यास वापरला गेला, हे वाचकांस सांगावयास नको.

गांधीजींनी या वनस्पती तुपास विरोध केला. त्यांच्या प्रेरणेने १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्यास घाण्याची सुधारणा हाती घेतली. सरकारने बंदी घातली नाही. तुपात भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल घालणे मात्र सक्तीचे केले. तिळाच्या तेलाने रासायनिक परीक्षेत लाल रंग येतो. आपल्या घाण्याचा तीळ शेवटी भेसळीचा साक्षीदार म्हणून त्या डब्यात शिरला!

या उद्योगाची दुसरी बाजू शिवडीहून दिसत नव्हती. त्याच लीव्हरने १९११ पासून बेल्जियन काँगोत तेलताडाच्या रानांचे मोठे हक्क मिळवले होते. तेथील माणसांना उंच ताडांवर चढून घड तोडण्यासाठी सरकारी जबरदस्तीने भरती केले जाई. १९३१ साली, फळांचे भाव पडलेले आणि कर मात्र कायम, अशा स्थितीत क्वांगो भागातील पेंडे लोकांनी उठाव केला. तो मोडताना पाचशेहून अधिक पेंडे मारले गेले. या माणसांच्या वाट्याला शनवारही नव्हता आणि सोमवारही नव्हता.

आरोग्याचा हिशेब फार उशिरा झाला. तेल अर्धवट थिजवताना त्यातील काही स्निग्धाम्लांची घडण बदलते. त्यांनाच ट्रान्स फॅट म्हणतात. अमेरिकेतील फ्रेड कुमेरो यांनी मानवी शरीरात त्यांचा संचय होतो हे १९५७ साली दाखवले. त्याकडे दुर्लक्ष झाले. १९९० साली नेदरलँड्समधील मेन्सिंक व काटान यांनी ही चरबी वाईट कोलेस्टेरॉल वाढवते व चांगले घटवते हे सिद्ध केले. २००३ साली डेन्मार्कने कायद्याने मर्यादा घातली. कुमेरो यांनी ९८ व्या वर्षी, २०१३ साली, अमेरिकन सरकारविरुद्ध दावा लावला. २०१५ साली त्या देशाने बंदीचा निर्णय घेतला. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने या चरबीमुळे दरवर्षी पाच लाखांहून अधिक लोक हृदयविकाराने मरतात असा अंदाज मांडला. भारतात दोन टक्क्यांची मर्यादा २०२२ च्या जानेवारीत लागू झाली. डालड्याच्या जन्मापासून पंचाऐंशी वर्षे लोटली होती.

म्हणून मोठा कारखाना वाईट आणि छोटा घाणा निर्दोष, असा सोपा निवाडा देता येत नाही. १९९८ साली दिल्लीत सुट्या मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या तेलाची भेसळ होऊन साठाहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर सुट्या तेलावर निर्बंध आले आणि त्यांची झळ प्रामाणिक लहान तेल्यांनाही बसली. त्यांची जागा बव्हंशी बंद पाकिटातील पामतेलाने घेतली; भारत हा आज त्याचा जगातील सर्वांत मोठा आयातदार आहे. ते मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून येते. तेथील बागांसाठी जंगले तुटली, आणि बोर्निओतील ओरांगउटान २०१६ पासून अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. पेंडीचीही तीच गत. आता हेक्झेन या द्रावकाने दाण्यातील तेल असे खरवडून घेतात की पेंडीत एक टक्काही उरत नाही.

इस्राएलात प्राण्यांचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. यकृत वाढावे म्हणून हंसांच्या घशात नळी घालून दाणा कोंबण्याची पद्धत येथे मोठा धंदा होऊन बसली होती. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्याशी विसंगत ठरवली. शेतकऱ्यांच्या पोटाचा प्रश्न न्यायाधीशांपुढे होताच. तरीही निर्णय हंसांच्या बाजूने लागला.

अलीकडे पुण्या-मुंबईत 'लाकडी घाण्याचे तेल' दुप्पट भावाने विकले जाते. घाणा लाकडाचा असतो, लाट विजेवर फिरते. ज्या शब्दाची आपल्या आजोबांना लाज वाटे तो आता दुकानाच्या पाटीवर मिरवतो आहे.

रामला, लोद, दिमोना वा अन्य गावी ज्यांनी आपल्या बालपणी रेवदंडा, पेण, रोहा किंवा अलिबागच्या आसपास आपल्या माणसाचा घाणा चालू असलेला प्रत्यक्ष पाहिला, अथवा आई-वडिलांकडून त्याची हकीकत ऐकली, अशांनी ती संपादकांकडे अवश्य लिहून पाठवावी. घाण्याच्या प्रत्येक भागाला आपल्या घरात कोणते नाव होते, शुक्रवारी संध्याकाळी बैल कोण सोडी, आणि शनवारी तो कोठे बांधलेला असे, एवढे जरी कळले तरी पुष्कळ आहे.