इलेक्ट्रॉनांच्या आघाताने उलगडलेले कोडे

१९८६ साली झुरिकजवळील आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ व म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडयुक्त सिरॅमिकमध्ये अतिसंवाहकता आढळली. १९८७ मध्ये इट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइडने ९० केल्विनचा टप्पा ओलांडला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आर. राव यांच्या गटानेही त्यावर तत्काळ संशोधन केले. परंतु या ठिसूळ पदार्थात वीज विनारोध वाहते कशी, हे कोडेच होते.

पुढे फ्रान्समधील संशोधकांनी अतिशीत स्फटिकांवर २.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन-झोत सोडला. या माऱ्याने रासायनिक घटक बदलत नाहीत. काही अणू मात्र जागेवरून ढळतात. अँडरसन यांच्या १९५९ च्या सिद्धान्तानुसार साधा अतिसंवाहक असे अचुंबकी दोष सहज पचवतो. येथे मात्र दोष वाढले, तसे संक्रमण तापमान जवळजवळ सरळ रेषेत घसरले. इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांचे तरंगफल दिशेनुसार चिन्ह बदलते, म्हणूनच त्या इतक्या सहज तुटतात. १९९४ च्या आयबीएममधील स्वतंत्र प्रयोगानेही या चिन्हबदलाची ग्वाही दिली.

हेच दोष बेताचे असतील, तर चुंबकीय भोवऱ्यांना जागीच खिळवून पदार्थाची प्रवाह वाहण्याची क्षमता वाढवतात. पदार्थाचा स्वभाव त्याच्या निर्दोष रूपापेक्षा मोजूनमापून केलेल्या इजेतून अधिक स्पष्ट झाला, हे या इतिहासाचे सार आहे.