टोपणनावाचे पाकीट

वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य बरेचदा येते : 'महाराज आणखी वीस वर्षे जगले असते तर?' वाक्य तिथेच राहते आणि माणसे गाडीकडे वळतात. इतिहासाचा अभ्यासक या 'तर'पुढे जात नाही, कारण कागदपत्रे असतात ती घडलेल्या गोष्टींची. ११ मार्च १६८९ नंतर काय झाले, एवढेच तो सांगू शकतो. न घडलेल्या गोष्टीचा शिस्तीने विचार करण्याचे काम विज्ञानकथा करते. मराठीत ही शिस्त रुजली ती मोठ्या प्रमाणात एका स्पर्धेमुळे. शिरूर तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयाला विज्ञानकथा मंडळ काढावेसे वाटले, तर त्याने आधी हा इतिहास वाचावा.

विज्ञानकथा मंडळ म्हटले की अमेरिकेतल्या एमआयटीचे उदाहरण समोर येते. तिथल्या विद्यार्थ्यांनी १९४९ मध्ये असे मंडळ स्थापन केले. अंक आणि पुस्तके साठवत त्यांनी मोठे ग्रंथालय उभे केले. एकाच आवारात राहणारी, रोज भेटणारी, एकच भाषा वाचणारी मुले हे त्या मंडळाचे भांडवल होते. मराठी वाचकाला असे आवार नव्हते. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे भाषांतर 'केरळ कोकिळ' मासिकात १९०० मध्ये येऊ लागले. पुढे श्री. बा. रानडे यांनी 'तारेचे हास्य' लिहिली, भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांपर्यंत आणला. पण हे सारे सुटे सुटे होते. एकाने लिहिलेले दुसऱ्याने तपासावे, तिसऱ्याने त्यावर वाद घालावा, अशी बैठक जमत नव्हती.

ती जमली टपालातून. १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. मराठीतून विज्ञानप्रसार हा तिचा हेतू. परिषदेने विज्ञानरंजन कथास्पर्धा सुरू केली आणि गावोगावच्या लिहिणाऱ्यांना एक पत्ता मिळाला, एक मुदत मिळाली आणि आपल्याला न ओळखणारा परीक्षक मिळाला. मंडळाला लागणाऱ्या तीन गोष्टी पाकिटातून घरी आल्या.

१९७४ च्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली. तिला पहिले बक्षीस मिळाले. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. केंब्रिजहून १९७२ मध्ये परतून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होते आणि त्यांचे नाव घरोघरी पोहोचलेले होते. अहमदाबादच्या एका परिसंवादात कंटाळवाणे व्याख्यान चालू असताना त्यांनी ही कथा लिहायला घेतली, असे त्यांनीच सांगितले आहे. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी टोपणनाव बनवले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंनी ती आपल्या हस्ताक्षरात उतरवून दिली.

हा किस्सा गंमत म्हणून सांगितला जातो. मला त्यात मंडळाची घटना दिसते. नारळीकरांनी आपल्या नावाने कथा पाठवली असती, तर परीक्षकांना ती नाकारणे जड गेले असते आणि बक्षिसाचा अर्थ कुणालाच कळला नसता. नाव झाकल्यामुळे कथेला कथा म्हणून उभे राहावे लागले. त्याच नियमाने त्या वर्षी कथा पाठवणारा कुणी अनोळखी शिक्षक किंवा विद्यार्थी नारळीकरांच्या बरोबरीने एका रांगेत बसला. त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

स्पर्धेला एक मर्यादा होती. बक्षीस न मिळालेल्याला आपली कथा का पडली, हे कळत नाही. पाकीट जाते, उत्तर येत नाही. महाविद्यालयीन मंडळाचे खरे काम इथून सुरू होते. कथा पेटीत टाकायची, वर नावाऐवजी क्रमांक. वाचन लेखकाने करायचे नाही, दुसऱ्याने करायचे. नंतर एकदा भौतिकशास्त्राच्या मुलांनी बोलायचे, एकदा मराठीच्या. नाव शेवटी उघडायचे. खर्च वहीचा आणि चहाचा.

वादासाठी पहिली कथा कोणती घ्यावी? वढूच्या मुलांसाठी मी नारळीकरांचीच 'गंगाधरपंतांचे पानिपत' सुचवीन. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली असती तर, एवढाच तिचा 'जर' आहे. गंगाधरपंत अपघातानंतर त्या दुसऱ्या जगात पोहोचतात आणि पुढचे सारे त्या एका बदलातून निघत जाते : राज्य कुणाचे, कंपनीचा पसारा किती, मुंबई कशी. लेखकाने मराठ्यांना जिंकवले, पण मनात येईल ते सारे त्यांच्या पदरात टाकले नाही. शिवाय असे दुसरे जग संभवते कसे, याचे गणिती आणि भौतिकी स्पष्टीकरणही कथेतच आहे. इच्छा आणि परिणाम यांतला फरक समजावण्यासाठी याहून सोपा धडा मला माहीत नाही.

हा फरक वढूत जास्त महत्त्वाचा आहे. इथे इतिहास ही श्रद्धेची जागा आहे आणि श्रद्धेच्या जागी मनासारखे उत्तर चटकन सुचते. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला थांबावे लागते. महाराज सुटले असते तर औरंगजेबाने दख्खनच्या मोहिमेचे काय केले असते? राजाराम महाराज जिंजीला गेले असते का? ताराराणींच्या वाट्याला कोणते आयुष्य आले असते? प्रत्येक उत्तरासाठी खरा इतिहास आधी नीट वाचावा लागतो. 'जर' लिहू पाहणारा मुलगा अशा रीतीने नकळत बखरी आणि पत्रव्यवहारापाशी जातो.

विज्ञानासाठीही लांब जायला नको. याच जिल्ह्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, तिथे विद्यार्थ्यांचे प्रदर्शन भरते. मंडळाची वार्षिक सहल तिकडे न्यावी.

१९७४ मध्ये नाव लपवून कथा पाठवणारे नारळीकर २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांची पुस्तके ग्रंथालयांत आहेत, त्यांची काळजी नको. जपायला हवी ती पाकिटाची रीत. शिरूरच्या एखाद्या वर्गात क्रमांक लिहिलेली कथा कुणी वाचत असेल आणि ती कुणाची हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नसेल, तर मराठी विज्ञानकथेचे काम नीट चालले आहे, असे समजावे.