गाठ सोडायची की खोलायची?

‘बुटाची नाडी खोल’, ‘पार्सल खोलून बघ’ अशी वाक्ये मुंबई-पुण्यातील मराठी घरांतही आता सर्रास कानावर पडतात. हिंदीतील ‘खोलना’ हे एकच क्रियापद दार, गाठ, कुलूप, पाकीट अशा साऱ्यांना पुरते. मराठीने मात्र हे काम वाटून दिले आहे. दार उघडायचे, कुलूप काढायचे, घडी उलगडायची, शिवण उसवायची. आणि जे बांधलेले वा आवळलेले आहे, ते सोडायचे. नाडी, मोळी, गाठोडे, अंबाडा, दावणीचा बैल ही सारी ‘सोडणे’च्या वाट्याची. झाकलेले उघडते, बांधलेले सुटते, एवढे ध्यानात ठेवले की बराचसा गोंधळ मिटतो. मेकॅनिक इंजिन ‘खोलतो’ हे आता रुळले आहे. त्यातून निघतात ते मात्र सुटे भागच.

सुटणे-सोडणे ही तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे यांसारखीच जोडी. हिंदीतील छूटना-छोडना ही तिची भावंडे. छुरीची मराठीत सुरी होते, तसाच येथेही ‘छ’च्या जागी ‘स’ दिसतो. परंतु हिंदीत गाठ ‘छोडत’ नाहीत. मराठीत गाठ सोडणे आणि नोकरी सोडणे यांना एकच क्रियापद चालते, कारण दोन्हींत बंधनच मोकळे होते. विवाह ही लग्नगाठ, म्हणून घटस्फोटाला सोडचिठ्ठी. ‘सोडवणे’ तर गुंता, गणित आणि ओलीस या तिन्हींना लागते.

खरी कसोटी उपासाची. उपास ‘सोडणे’ म्हणजे तो रीतसर पूर्ण करून अन्न घेणे. उपास ‘मोडणे’ म्हणजे नियमभंग. बातम्यांत हा भेद पुसट होऊ लागला आहे. उपोषणकर्ता मागणी मान्य झाल्यावर फळांचा रस घेतो आणि मथळा येतो, ‘उपोषण तोडले’. हिंदीतील ‘अनशन तोडा’चा हा थेट तर्जुमा. वाचकाला मात्र उपोषणकर्त्याने वचनभंग केला की काय, असे वाटावे.

‘सोमवार सोडला’ या वाक्यालाही दोन अर्थ आहेतच : त्या दिवशीचा उपास जेवून सोडला, किंवा सोमवार धरणेच बंद केले. पण ‘संध्याकाळी सोमवार सोडायला या’ असे निमंत्रण आले, तर पाहुण्याला शंका पडत नाही.