वैनगंगेचे दोन तीर : सावलीचा खालसा मुलूख आणि पूर्वेकडील जमीनदाऱ्या

दोन शेजारी देशांपैकी एक स्थिर व सुखी, तर दुसरा अस्थिर व दरिद्री का होतो, याचे उत्तर पुष्कळदा हवामानात किंवा लोकस्वभावात शोधले जाते. जुन्या चांदा जिल्ह्याचा इतिहास या उत्तराविषयी संशय उत्पन्न करतो. सावलीचा खालसा मुलूख वैनगंगेच्या पश्चिमेस आहे. नदी ओलांडून पूर्वेस जावे तसा खालसा भाग संपून चातगाव, धानोरा, मुरूमगाव या जमीनदाऱ्या लागत. पाऊस दोन्हीकडे विपुल, मुख्य पीक भात, आणि १७५१ पर्यंत सत्ता चांद्याच्या गोंड राजांचीच.

भेद पडला तो हक्कांच्या व्यवस्थेत. तलाव बांधणारास त्याखालील जमीन देण्याची चाल गोंडकालीन मानली जाते. ‘तुकूम’ हे स्थलनाम तिचीच खूण होय. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांकडे गेले. पुढे १८६९ च्या सुमारास ल्यूसी स्मिथ याने पूर्ण केलेल्या बंदोबस्तात खालसा गावांच्या मालगुजारांस मालकी हक्क मिळाला. मालगुजार काही धर्मात्मा नव्हता. परंतु तलावाची पाळ फुटली तर नुकसान त्याचेच होई, म्हणून तो ती राखी. जमीनदार मात्र सरकारास ठरावीक टाकोळी भरी, व जंगलासह उरलेले उत्पन्न त्याचे असे. रयतेच्या वहिवाटीस तेथे मर्जीखेरीज आधार थोडा.

तलाव बांधण्यात निष्णात असे कोहळी पश्चिमेसच होते, म्हणून हा भेद पडला, असा आक्षेप येईल. परंतु नदीच्या पूर्वतीरावरील आरमोरी-वडसा या खालसा भागातही तलाव विपुल आहेत. रेल्वेचा लाभ मूल-सिंदेवाही-नागभीड या पश्चिमेकडील पट्ट्यास अधिक झाला, हे खरे. पण तलाव तिच्याही आधीचे.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. तलाव सरकारजमा झाले, आणि पाण्याचा लाभ एकाकडे व पाळ राखण्याचा भार दुसऱ्याकडे गेला. गाळाने भरत चाललेले हे ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, सावली परिसरात आजही दिसतात. पूर्वेकडील वनप्रदेशात १९८० पासून नक्षल चळवळ शिरली. १९८२ मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच प्रदेशात धानोऱ्याजवळील मेंढा (लेखा) या गोंड गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागली.