रबराचा आधार आणि इंजिनाचा पीळ : अमेरिकन ‘मसल कार’च्या इतिहासातील एक प्रकरण

मोटारगाडीचा इतिहास बहुधा इंजिनाच्या वाढत्या सामर्थ्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ते सामर्थ्य ज्या आधारांवर पेलले जाते, त्यांची दखल क्वचितच घेतली जाते. दोन पोलादी पट्ट्यांच्या मध्ये रबराची जाड गादी चिकटवून तयार केलेला आणि इंजिन व चासी यांना जोडणारा आधार, ज्यास महाराष्ट्रातील गॅरेजांत ‘माउंटिंग’ किंवा ‘फाउंडेशन’ म्हणतात, हा असाच एक उपेक्षित भाग होय. ह्या भागाकडे दोन परस्परविरोधी कामे असतात. इंजिनाची थरथर चासीपर्यंत पोहोचू नये म्हणून त्याला थोडे हलू द्यावयाचे. आणि त्याच वेळी त्याला जागा सोडू द्यावयाची नाही. पहिल्या कामासाठी निवडलेल्या रबरावरच दुसऱ्या कामाचाही सर्व भार टाकल्यास काय होते, ह्याचे बोलके उदाहरण १९६५ ते १९७१ या काळातील अमेरिकन गाड्यांच्या इतिहासात सापडते.

मोटारयुगाच्या आरंभी इंजिन चासीला घट्ट बोल्टांनी जखडलेले असे. त्यामुळे ते हलत नसे. परंतु त्याची सारी थरथर प्रवाशांच्या अंगात उतरे. चार सिलिंडरांच्या इंजिनांत हा दोष विशेष जाणवे. १९३१ साली क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ ही योजना आणली. तीत इंजिन पुढे उंचावर आणि मागे खालच्या बाजूस अशा दोन रबरी आधारांवर ठेविले होते, व त्याचा डोलण्याचा अक्ष गुरुत्वमध्यातून जाईल अशी मांडणी केली होती. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीनेही परवाना घेऊन पुढील वर्षी ही योजना स्वीकारली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्लिमथच्या इंजिनाचे डोलणे मर्यादित राखण्यासाठी बाजूस पट्टीची एक स्प्रिंगही बसविली होती. म्हणजे थरथर शोषण्याचे काम रबराचे आणि आवर घालण्याचे काम पोलादाचे, अशी कामांची विभागणी आरंभीच झालेली होती. पुढील पिढीला ह्या विभागणीचे विस्मरण झाले.

१९६४ साली पाँटिॲकने आपल्या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचे व्ही-८ इंजिन घालून ‘जीटीओ’ बाजारात आणली. ३२५ अश्वशक्ती व ४२८ पौंड-फूट टॉर्क असलेल्या ह्या गाडीपासून मसल कारच्या युगाचा आरंभ सामान्यतः मानला जातो. शेव्हरोलेने १९६५ साली ३९६ आणि १९६६ साली ४२७ घनइंचांची इंजिने आणली; १९६७ च्या मॉडेलपासून कमॅरो गाडी ह्या स्पर्धेत उतरली. ह्या वाढीचा आधारांवर काय परिणाम होतो, हे एका साध्या हिशेबाने कळते. इंजिन आणि गियरबॉक्स हे एकजीव बांधलेले असल्याने आधारांना पेलावा लागतो तो गियरने गुणित झालेल्या टॉर्कचा उलट पीळ. ४०० पौंड-फूट टॉर्क आणि पहिल्या गियरचे प्रमाण २.५ धरल्यास हा पीळ १,००० पौंड-फूट होतो. दोन पुढच्या आधारांत दोन फूट अंतर मानले व मागच्या आधाराचा वाटा सोडून दिला, तर डाव्या आधारावर वर उचलणारा आणि उजव्यावर खाली दाबणारा सुमारे ५०० पौंडांचा जोर येतो. सहाशे-सातशे पौंडांच्या इंजिनाचा डाव्या बाजूस येणारा भार ह्याहून कमी असतो. साहजिकच जी रबरी गादी एरवी दाबाखाली असावयाची, ती ताणाखाली येते. क्लच एकदम सोडल्यास हा जोर आणखी वाढतो. दाब सोसण्यात रबर तरबेज असते. परंतु तेल, उष्णता आणि वार्धक्य यांनी ग्रासलेले रबर ताणाखाली पोलादापासून सुटू लागते.

आधार सुटल्याने इंजिन नुसते हादरले असते, तर हा केवळ दुरुस्तीचा प्रश्न ठरला असता. परंतु ॲक्सिलरेटरचे पायटे आणि कार्ब्युरेटर यांना जोडणाऱ्या दांड्यांच्या मांडणीमुळे त्याला निराळेच वळण लागले. इंजिनाची डावी बाजू उचलली गेली की दांडी ओढली जाऊन थ्रॉटल अधिक उघडू शके. थ्रॉटल उघडला की टॉर्क वाढे, आणि टॉर्क वाढला की इंजिन अधिक उचलले जाई. चालकाने पाय काढून घेतला तरी हे चक्र थांबेलच असे नसे. ब्रेकला साहाय्य करणारे यंत्र इंजिनातील निर्वातावर चालत असे. त्याची नळी निखळल्यास ब्रेकचे साहाय्यही नाहीसे होई. अशा रीतीने रबराच्या एका गादीचे तुटणे गाडीच्या गतीवर आणि रोधावर एकाच वेळी आघात करी.

शर्यतीच्या मैदानावर हा धोका ओळखीचा होता. ड्रॅग शर्यतीतील कारागीर इंजिनाच्या डाव्या बाजूपासून चासीपर्यंत साखळी बांधीत, किंवा रबर अजिबात काढून भरीव पोलादी आधार बसवीत. भरीव आधाराची किंमत मात्र निराळी असे. थरथर परत गाडीत उतरे, आणि इंजिन घट्ट असून गियरबॉक्सचा मागचा आधार रबरी राहिल्यास चासीच्या पिळाचा ताण गियरबॉक्सच्या कवचावर येऊन ते तडकण्याची भीती असे. साखळीत हा दोष नव्हता. नेहमीच्या हालचालीस ती मोकळीक देई व मर्यादेपलीकडे रोखून धरी. क्रायस्लरच्या थोरल्या इंजिनांच्या काही गाड्यांत ह्याच तत्त्वावरचा पट्टा बसविलेला आढळतो. ह्यावरून उपाय अज्ञात होता असे म्हणता येत नाही.

१९७१ साली ह्या प्रश्नाने सार्वजनिक रूप धारण केले. वृत्तपत्रांतील बातम्या, राल्फ नेडर यांचा पाठपुरावा आणि संघराज्याच्या वाहतूक-सुरक्षितता खात्याची चौकशी यांमुळे जनरल मोटर्स कंपनीवर दडपण आले. आधार तुटणे हे चाक पंक्चर होण्यापेक्षा अधिक धोक्याचे नाही, अशी भूमिका कंपनीचे अध्यक्ष एडवर्ड कोल यांनी घेतली होती. तथापि डिसेंबर १९७१ मध्ये कंपनीने सुमारे ६७ लाख वाहने परत बोलाविली. त्या काळापर्यंतची ही सर्वांत मोठी मागणी होती. १९६५ ते १९६९ या मॉडेल-वर्षांच्या पूर्णाकार शेव्हरोले गाड्या, कमॅरो, नोव्हा आणि हलकी मालवाहू वाहने यांचा तीत समावेश होता. दुरुस्ती म्हणून इंजिनाचे उचलणे रोखणारे बंधन बसविण्यात आले. मैदानावरील साखळीचेच तत्त्व कारखान्याने अशा रीतीने स्वीकारले.

ह्या यादीचे स्वरूप इतिहासकाराने बारकाईने पाहिले पाहिजे. तीतील बहुसंख्य वाहने शर्यतीची नसून साध्या कुटुंबांची होती. म्हणून अतिरिक्त अश्वशक्तीवर सर्व दोष टाकणे योग्य होणार नाही. बलाढ्य इंजिनाने एवढेच केले की रचनेतील उणीव लवकर उघडी पाडली. खरी उणीव ही की, रबर तुटल्यानंतर इंजिनाला कोण धरणार, ह्या प्रश्नाचे उत्तर रचनेत नव्हते. पुढे प्रचारात आलेल्या एकमेकांत अडकणाऱ्या पोलादी आधारांत ते उत्तर अंतर्भूत आहे. त्यांतील रबर फाटले तरी धातूचे ओठ एकमेकांस सोडीत नाहीत. लवचीक तारेने चालणाऱ्या थ्रॉटलनेही इंजिनाची हालचाल आणि चालकाचा पाय यांतील घातक दुवा तोडला.

१९६६ च्या अमेरिकन कायद्याने दोषाची सूचना मालकास देणे उत्पादकावर बंधनकारक केले होते. दुरुस्ती विनामूल्य करण्याचे बंधन मात्र त्यात नव्हते. ते १९७४ च्या दुरुस्तीने आले. यंत्राचा एखादा भाग कधी ना कधी निकामी होणारच, हे गृहीत धरून रचना करणे हे अभियंत्याचे कर्तव्य. आणि तसे न झाल्यास त्याचा भुर्दंड ग्राहकावर पडू न देणे हे कायद्याचे. मसल कारच्या युगाचा वारसा केवळ तिच्या वेगात शोधणाऱ्यांनी ह्या दोन कर्तव्यांचीही नोंद घेणे अगत्याचे आहे.